जनकाबाईचे हात

दयाराम मलकापूर स्टेशनजवळ फोटो स्टुडिओ चालवायचा. तालुक्यात कुठे खून झाला, कुणी विहिरीत सापडलं, की पोलीस त्यालाच बोलवायचे. पंचनाम्याला फोटो लागत. गावाला हे माहीत झालं आणि लग्नाची गिऱ्हाइकं तुटली. मेलेल्यांचे फोटो काढणाऱ्यासमोर नवरी कोण बसवणार? आई गेल्यावर तो खानावळीत जेवायचा. अडतीस वर्षांचा झाला होता आणि कित्येक दिवस कुणाशी चार शब्दही होत नसत.

त्रेसष्टच्या मार्चमध्ये फौजदार शंकररावांनी त्याला वडनेर भोलजीला नेलं. किसनराव या मोठ्या शेतकऱ्याची बायको जनकाबाई विहिरीत मेली होती. पाणी शेंदताना पाय घसरला, असं घरचे सांगत होते. दयारामने विहिरीचा फोटो घेतला, चेहऱ्याचा घेतला. तो कॅमेरा आवरू लागला तशी बायांच्या घोळक्यातून एक पुढे आली.

"फोटोवाले, माह्या बहिणीचे हात काढा."

ती केसरबाई, धाड गावच्या शाळेत मास्तरीण. नवरा वारून सहा वर्षं झाली होती. दयारामने प्रेताच्या बांगड्या वर सरकवल्या. दोन्ही मनगटांवर दोरीचे काळेनिळे वळ होते. त्याने फोटो घेतला. शेजारी उभा किसनराव बघत होता.

डॉक्टरांनी 'बुडून मृत्यू' एवढंच लिहिलं आणि संध्याकाळी प्रेत जाळलंही. आता पुरावा म्हणजे दयारामकडची, हातांच्या फोटोची तेवढी एक काचेची प्लेट, निगेटिव्ह.

चौथ्या दिवशी किसनराव स्टुडिओत आला, खुर्ची ओढून बसला.

"प्लेट फुटली म्हणून सांग."

"फुटली नाही मालक."

"मंग फोड ना बे. एकटा राह्यतं तू. तुले काही झालं तर कोण इचारीन?"

दयारामला भीती वाटली, पण त्याहून जास्त लागलं ते शेवटचं वाक्य, कारण ते खरं होतं.

शनिवारी केसरबाई एसटीने आली. त्याने घडलेलं सगळं सांगितलं. "प्लेट मले द्या," ती म्हणाली. रद्दीत गुंडाळून तिने ती वह्यांच्या पिशवीत घातली आणि धाडला नेऊन ज्वारीच्या कोठीत पुरली. मग दर शनिवारी ती येऊ लागली. प्लेट ठीक आहे, एवढं सांगायला. हळूहळू जनकाबाईच्या लहानपणाचंही बोलायची. दयाराम ऐकायचा. रविवार ते शुक्रवार त्याला आता जास्तच मोठे वाटू लागले.

केसरबाईच्या तक्रारीवरून शंकररावांनी किसनराववर खुनाचा खटला भरला. तो उभा राहण्याच्या आदल्या आठवड्यात भरदुपारी किसनरावच्या चौघा माणसांनी स्टुडिओ फोडला. हजारभर प्लेटांचा चुरा केला, हवी ती मिळेना म्हणून त्याचा उजवा हात दारात चेंगरला. समोरचे दुकानदार आपापल्या दुकानात बसून राहिले. केसरबाईला कळलं तशी ती वारही न बघता आली. त्याच्या हाताचं बँडेज पाहून म्हणाली, "माह्यापायी झालं हे."

"तुमच्यापायी शनिवारी इथं कोणी येतं तरी," तो म्हणाला.

बुलढाण्याच्या कोर्टात तिने पिशवीतून प्लेट काढून दिली. साक्षीच्या पिंजऱ्यात दयारामने फोटो कसा, कधी काढला ते सांगितलं. वकिलाने तासभर उलटतपासणी घेतली, पण तो आपल्या शब्दावरून हलला नाही. किसनरावला जन्मठेप झाली.

त्यानंतर केसरबाईचं येणं थांबलं. यायला आता कारण नव्हतं. दयाराम सात महिने शनिवारी एसटी स्टँडवर जाऊन धाडची गाडी रिकामी होईपर्यंत उभा राही. शेवटी डाव्या हाताने, वाकड्यातिकड्या अक्षरांत त्याने पत्र लिहिलं. उत्तर आलं: 'मलकापूरच्या शाळेत बदली मागितली आहे. एखादी खोली पाहून ठेवा.'

बदली झाली तशी ती पत्र्याची पेटी घेऊन एसटीतून उतरली. "खोली पाह्यली?"

"पाह्यली. पण तिथं मी राह्यतो."

केसरबाईने पेटीची एक कडी त्याच्या डाव्या हातात दिली. "हाव," ती म्हणाली, "चाला मंग."

विधवेचं लग्न, तेही प्रेतांचे फोटो काढणाऱ्याशी. दोन्हीकडचं कुणी आलं नाही. एकटे शंकरराव गणवेशातच आले, दारात उभ्याउभ्या एक लाडू खाल्ला आणि ड्युटी आहे म्हणून निघून गेले.