आडवा हात

कुंभकोणम आणि आसपासच्या गावांत लग्नमुंज ठरली की लोक आधी मुहूर्त पाहत आणि लगेच जानकीराम राव त्या दिवशी मोकळे आहेत का ते विचारत. आचारी पुष्कळ मिळत, पण पंगत सांभाळावी ती जानकीरामांनीच. चाळीस वर्षं त्यांनी लोकांना वाढलं. जेवणाऱ्याने 'पुरे' म्हणून पानावर हात आडवा धरला, तर हसत हसत त्याच्या बोटांच्या फटीतून तूप सोडायची त्यांची खोड सगळ्यांना ठाऊक होती. लोक रागावल्यासारखं करत आणि बोटं चाटत. स्वतः जानकीराम जेवत ते सगळ्यांत शेवटी, तळाशी जे उरलं असेल ते.

असा हा माणूस महिनाभर घरात अन्न सोडून बसला होता, आणि सरोजाबाईंच्या जिवाला घोर लागला होता.

जानकीरामांच्या फुफ्फुसात कर्करोगाची गाठ निघाली होती. दर तीन आठवड्यांनी दोघं रेल्वेने तंजावरला जात आणि तिथल्या दवाखान्यात नव्या तऱ्हेचं औषध शिरेतून घेऊन परत येत. तेवढ्यात चेन्नईच्या पुतण्याने, रविशंकरने, मोबाईलवर एक निरोप पाठवला. कर्करोग साखरेवर जगतो, साखर बंद करा, गाठ उपाशी मरेल. झालं! घर माध्वांचं, लहानपणापासून एकादशीला पाण्याचा थेंबही न घेतलेला माणूस. उपासात यांना कोण हरवणार? आधी कॉफीतली साखर गेली, मग भात गेला, मग केळी गेली. शेवटी दिवसाकाठी दोन पेले ताक उरलं.

"अस्कं त्यालाच जातें, सरोजा," ते म्हणत. अस्कं म्हणजे सगळं. या घरांतली मराठी तीनशे वर्षांपूर्वी तंजावरच्या मराठी राजांबरोबर इकडे तमिळ मुलखात आली आणि आपल्याच वळणाने राहिली. "मी जेवलों की तें जेवतें. मी उपाशी राह्यलों की तें मरतें."

सरोजाबाई भांडल्या, रडल्या. एकदा रागाने स्वतःही जेवल्या नाहीत, तर या गृहस्थांनी उठून पान मांडलं, आग्रह करकरून बायकोला पोटभर वाढलं आणि आपण समोर ताक पीत बसले. अशा माणसावर रागवायचं तरी कसं? रोज त्यांच्या सदऱ्याची बाही थोडी अधिक सैल दिसे आणि त्या मान वळवत. यांच्याशिवाय जगायचं ही कल्पनाच त्यांना सोसवत नव्हती.

या खेपेला वजन सहा किलो उतरलेलं निघालं. डॉक्टर मधुमिता, नातीच्या वयाची पोर, तिने पेन खाली ठेवलं आणि तमिळमध्ये सांगायला लागली.

"मामा, हे औषध गाठीला मारत नाही. लढणाऱ्या पेशी तुमच्याच रक्तात आहेत. गाठीने त्यांना गप्प बसवलेलं असतं, औषध त्यांना मोकळं करतं. पण लढायला त्यांनाही साखर लागते. गाठ आजूबाजूची साखर आधीच ओढून घेते, म्हणून त्या तिथवर पोचतात आणि थकून पडतात."

"मग मी तेच तर करतोय! साखरच बंद!" जानकीराम तमिळमध्येच म्हणाले.

"तुम्ही खाणं सोडल्याने गाठीचं खाणं थांबत नाही. शरीर आपलं मांस मोडून रक्तातली साखर टिकवतं, आणि गाठ आपला वाटा घेतच राहते. झिजता तुम्ही. काय खाल्लं की त्या पेशींना जोर येतो, ते मलाही नेमकं ठाऊक नाही, त्यावर अजून शोध चालू आहे. पण वजन असंच उतरत राहिलं तर पुढचा डोस मला थांबवावा लागेल."

परतीच्या गाडीत सुंदरपेरुमाळ कोयिल स्टेशन मागे पडलं. तेव्हा जानकीराम म्हणाले, "लहान पोर. तिला काय कळतें?" सरोजाबाईंच्या मनात काहीतरी शिजत होतं.

दुसऱ्या दिवशी एकादशी झाली. द्वादशीला सकाळीच पारण्यासाठी त्यांनी अगस्तीच्या पाल्याची भाजी, आवळ्याची दह्यातली पच्चडी, डाळ आणि मऊ भात केला आणि केळीचं पान मांडलं. जानकीराम ताकाचा पेला घ्यायला आले.

"एक विचारतें," त्या म्हणाल्या. "लग्नांत अन्न कमी पडलें तर उपाशी कोण राहतें? पहिल्या पंगतीचे?"

"छे! ते पोटभर जेवून वर लाडू पंच्यांत बांधून नेतात."

"मग कोण?"

"मागचे. आचारी, भांडी घासणाऱ्या बायका."

"इन्नंबूरच्या लग्नांत मी मागें होतें. आपली सौंदर्या पोटांत होती."

जानकीरामांनी मान खाली घातली. त्या लग्नात अन्न पुरलं नव्हतं, आणि दुपारी विहिरीपाशी भांडी घासता घासता सरोजा भोवळ येऊन पडली होती. पुढे मांडवात तिचा नवरा यजमानांच्या पाहुण्यांना आग्रह करत होता. त्या दिवसापासून पहिली पंगत बसायच्या आधी एक तपेलं भरून, झाकून ते मागच्यांसाठी बाजूला ठेवत. तपेलं भरल्याशिवाय समोर पहिलं पान वाढू देत नसत, मग यजमान कितीही ओरडो.

"ती गाठ पहिल्या पंगतीला बसली आहे," सरोजाबाई म्हणाल्या. "अन्न कमी केलें म्हणून ती नाही उठत. तिला उठवणारे तुमच्या रक्तांतले, ते मागें आहेत. तुम्ही त्यांचें तपेलेंच भरलें नाही."

जानकीराम ताकाचा पेला बाजूला सारून पाटावर बसले.

सरोजाबाईंनी भात वाढला, डाळ वाढली, तुपाची वाटी घेतली. सवयीने जानकीरामांचा हात पानावर आडवा आला. सरोजाबाई थांबल्या नाहीत. तूप त्यांच्या वाळलेल्या बोटांच्या फटींतून भातावर उतरलं.

जानकीरामांनी हात काढून घेतला.

"भात आणिक थोडा वाढ," ते म्हणाले. "मागें माणसें पुष्कळ आहेत."