घोटलेली न्हाणी

पाणी असो, पेज असो की चहाचं पातेलं असो, आक्का आधी त्याला कोपर लावून बघायची. हाताला काय कळतं, हात मेला निबर झालेला असतो, खरं कळतं ते कोपराला, असं तिचं म्हणणं. तान्ह्या पोरांच्या आंघोळीचं पाणी जन्मभर असंच तपासलेलं, ती सवय कशी सुटणार? एकदा मी तिच्याच दारात गिलाव्याचा माल कालवत बसलेलो, तर ह्या बाईनं वाकून घमेल्यात कोपर घातलं.

"अगं आक्का, सिमेंट आहे ते!" मी ओरडलो.

"दिसतंय रे मेल्या. गार आहे. बाळंतिणीला नाही चालायचं," ती म्हणाली आणि कोपर पदराला पुसून आत गेली.

ती सुईण होती. खोपटची आमची आळी आणि आजूबाजूच्या चार आळ्या, सगळ्यांची पोरं तिच्या हातांवर जन्मलेली. पाटावर पाय पसरून बसायची, पोराला पायांवर पालथं घालायची आणि असं रगडायची की बघणाऱ्यानं तोंड फिरवावं. पोर किंचाळायचं, त्याची आई दाराआडून रडकुंडीला यायची, आणि ही शांतपणे म्हणायची, "रडतंय ना? मग जगतंय." मीही त्याच पायांवर रडलेलो. त्यामुळे पुढे मी गवंडी झालो, मला मिशा आल्या, लग्न झालं, तरी आक्काच्या लेखी मी उघडाच. चारचौघांत म्हणायची, "ह्याच्या डाव्या कुल्ल्यावर जन्माची लाख आहे, विचारा त्याला." 

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. सगळ्या गावाचं करतात, पण त्यांचं कोणी काही करायला गेलं की फणा काढतात. तापानं फणफणलेली असली तरी आक्का शेजारणीला चूल पेटवू द्यायची नाही. नवरा कधीच गेलेला, मूलबाळ नाही. दोन खणांचं कौलारू भाड्याचं घर, आणि एक पुतण्या, तो कल्याणला. तिथून जवळच मोहने गावच्या कारखान्यात कामाला होता. दर महिन्याला न चुकता यायचा. माणूस सरळ, कोणालाही आवडावा असा. ह्या गोष्टीत वाईट माणूस शोधू नका. शोधायचाच असेल तर माझ्याकडे बघा.

आक्काच्या घरातली न्हाणी म्हणजे एक हौदच होता. घर बांधणाऱ्यानं पाणी चुलीकडे येऊ नये म्हणून चारी बाजूंनी गुडघ्याएवढा कठडा घातलेला. आत जायचं तर पाय उचलून पलीकडे टाकायचा, मग दुसरा. चाळिशीत ठीक आहे. सत्तरीला आलेल्या बाईचे गुडघे, तेही जन्मभर पाटावर पसरून बसलेले, ते कठडा चढायला कसे तयार होणार? स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षं झालेली, त्या पावसाळ्यात ती कठड्यावरून आत पडली. मनगट मोडलं. संध्याकाळी शेजारीण पीठ मागायला आली तोवर तशीच ओल्यानं बसून होती. हाक मारली नाही. का, तर अंगावर लुगडं नव्हतं.

पुतण्या धावत आला. "आक्का, पुरे झालं आता. कल्याणला चल. सूनबाई आंघोळ घालेल तुला, सगळं करेल."

"मला आंघोळ घालेल?" आक्का म्हणाली. "अरे, मी उभ्या खोपटाला आंघोळ घातली. मला कोणी घालायची नाही. हातपाय हलतायत तोवर माझं अंग मी धुणार."

पुतण्या शेवटी म्हणाला, "बरं. पण पुन्हा एकदा पडलीस, तर मी काही ऐकणार नाही. उचलून नेईन."

तो गेल्या गेल्या आक्का माझ्या दारात. मनगटाला फळ्या बांधलेल्या, डोळे भेदरलेले. तिला असं मी कधी पाहिलं नव्हतं. "गवंड्या, तो कठडा काढ. मला सरळ चालत आत जाता आलं पाहिजे. दिवाळीच्या आत काढ. मला घरातून नेतील रे." शेवटचं वाक्य तिनं हळूच म्हटलं, लहान पोर सांगतं तसं.

सिमेंट तेव्हा परमिटवर मिळायचं. मी खेटे घातले, ओळखी काढल्या, एका बंगल्याच्या कामावर उरलेली अर्धी गोण पदरात पाडून घेतली. कठडा फोडला. आतली जमीन चुलीच्या जमिनीला मिळवली आणि पाणी मोरीकडेच जावं म्हणून असा ढाळ दिला की तांब्याभर पाणी ओतलं तर थेंबही उंबऱ्याकडे फिरकू नये. पाटावरून तिला उठता येईना, म्हणून भिंतीला लागून खुर्चीएवढा उंच ओटा बांधला. धरायला भिंतीत लोखंडी दांडी गाडली. आक्का दारात बसून एकेक गोष्ट बघायची, "दांडी जरा खाली घे, मी काय ताडमाड आहे का?" म्हणून मला पिडायची. मजा यायची.

इथवर सगळं नीट झालं. मग माझ्या अंगात आलं.

त्या काळात गवंड्याची परीक्षा घोटाईवर व्हायची. ज्याच्या फरशीत तोंड दिसेल तो खरा कारागीर, बाकीचे सगळे चिखलकाले. मी तांबडा रंग मिसळला, वरून नुसत्या सिमेंटचा हात फिरवला आणि दोन दिवस गुडघ्यांवर बसून घोटत राहिलो. आक्कासाठी करायचं तर सगळ्यात चांगलं करायचं! आळीतल्या बायका बघायला आल्या. आक्कानं वाकून पाहिलं. "अरे, आरसाच केलास की!" तिचा चेहरा खुललेला. मी छाती फुगवून उभा. गाढव! गाढवांचा राजा!

दिवाळीची पहिली आंघोळ म्हणजे अंगाला तेल, हे काय मला माहीत नव्हतं? त्याच पहाटे माझ्या आईनं माझ्या पाठीला, पायांना तेल चोळलेलं. त्याच पायांनी मी आमच्या खडबडीत शहाबादी मोरीत उभा राहून आंघोळ केली, आणि एकदाही मनात आलं नाही की पलीकडे एक म्हातारी तेलकट पायांनी माझ्या आरशावर उभी राहणार आहे.

फराळाला बसलो होतो. शेजारीण ओरडत आली.

आक्का ओट्यापाशी खाली पडलेली. ह्या वेळी तिनं हाक मारली होती. अंगावर कसंबसं लुगडं ओढून घेतलेलं, एक हात वर दांडीकडे, पण दांडीपर्यंत पोचत नव्हता. उजवा पाय भलतीकडेच वळलेला. मी वाकलो आणि माझाच पाय सटकला. तेव्हा मला कळलं मी काय करून ठेवलंय. मी तिथंच हंबरडा फोडला, आणि ती, खुब्याचं हाड मोडलेली बाई, मला म्हणाली, "रडतोयस ना? मग जगतोयस. उचल मला."

दवाखान्यात पुतण्या आला. "कशी पडलीस गं?"

मी तोंड उघडलं. आक्कानं माझ्या दंडाला असा चिमटा काढला की रक्त आलं. "चक्कर आली रे," ती म्हणाली. "न्हाणी छान केलीय ह्यानं."

डॉक्टरांनी पाय ओढून बांधला आणि सांगितलं, ह्या वयात हाड जुळणं कठीण आहे. पुतण्यानं बोलल्याप्रमाणे केलं. लॉरीत गादी घालून तिला कल्याणला नेलं. जाताना घराकडे तिनं बघितलं नाही, माझ्याकडे बघितलं. "ती जमीन खरखरीत करून ठेव," म्हणाली. "मी येते."

मी छिन्नी-हातोडा घेऊन बसलो. स्वतः घोटलेली फरशी टोचायला घेतली. इंच इंच. बायको म्हणाली, वेडे झालात काय, मजूर लावा. मी मजूर लावला नाही. तळहात फुटले. चार दिवसांनी अनवाणी, पायांना तेल लावून त्या जमिनीवर मी उभा राहिलो, नाचलो म्हटलं तरी चालेल. पाय हलला नाही. तसाच उठून कल्याणला गेलो आणि आक्काला सांगितलं. ती इतकी खूश झाली की सुनेकडून मला लाडू देववला.

"सून चांगली आहे रे," सून आत गेल्यावर ती म्हणाली. "ओल्या फडक्यानं पुसते मला. रोज. फडताळ पुसावं तशी." मग भिंतीकडे तोंड केलं. "मी डोळे मिटून घेते. दुसऱ्या कोणाचं तरी अंग आहे असं म्हणते. मला एकदा घरी ने रे. एकच आंघोळ. माझ्या हातानं."

मी हो म्हणालो.

पुढे दोन महिने झाले. पुतण्या दोन्ही घरांचं भाडं किती दिवस ओढणार? त्यानं किल्ली घरमालकाला दिली. नवं बिऱ्हाड आलं, तरुण जोडपं. घरमालकानं मला निरोप धाडला. "अरे, ती न्हाणी काय करून ठेवलीस? पायाला टोचते म्हणतात. पाणी चुलीकडे येईल म्हणून बाई घाबरते. सगळं पहिल्यासारखं कर, कठडा घाल, आणि जमीन घोटून दे चांगली. तुझ्यासारखी घोटाई कोणाला येते?"

मी नाही म्हणालो असतो तर दुसऱ्या गवंड्यानं केलं असतं, हे खरं. पण मी नाही म्हणालो नाही, हेही खरं. घरमालकाच्या आणखी चार घरांची कामं माझ्याकडे होती, घरात तान्हं मूल होतं. मी कठडा घातला. गुडघ्याएवढा. दांडी कापली, ओटा फोडला, जमीन घोटली. ह्या वेळी तोंड दिसतंय का ते बघितलं नाही.

होळीच्या सुमारास पुतण्याचा निरोप आला, आक्का तुझी आठवण काढते, येऊन जा. गेलो. खाटेवर एवढीशी उरलेली. अंगाला खडूसारखा वास येत होता. मला बघून तिनं सुनेला बाहेर पाठवलं. मला वाटलं, हिला कळलं. देवा, हिला कोणीतरी सांगितलं.

"गवंड्या, एक राहिलं," ती म्हणाली. "लुगडं ठेवायला खुंटी नाही न्हाणीत. ओट्यावर ठेवलं तर भिजतं. बसल्या जागेवरून हाताला येईल अशी ठोक."

"ठोकतो आक्का."

"आहे ना सगळं तसंच?"

"तसंच आहे."

"उंच नको हं ठोकू. तुझं काय, तू ताडमाड." तिनं पांघरुणातून हात काढला आणि वर धरला. आडवी असल्यामुळे तो हात कुठल्याच भिंतीपाशी नव्हता, नुसता हवेत. "एवढी. घे माप. जमिनीपासून घे."

मी खिशातली घडीची पट्टी काढली. एक टोक खाटेखाली जमिनीला टेकवलं, दुसरं तिच्या बोटांपर्यंत नेलं. तिचा हात सारखा खाली येत होता, माप ठरेना.

"नीट घे रे," ती म्हणाली.

मी पुन्हा घेतलं.