कोरडा कोपरा
ट्रंकेतल्या जुन्या पत्रकांना काल बुरशीचा वास आला आणि तलासरीजवळच्या एका पाड्यातलं कुडाचं घर आठवलं. पावसाळ्याच्या तोंडी मी तिथे पाड्यांवर वाटायच्या पत्रकांचा गठ्ठा ठेवून गेलो होतो. मजकूर माझाच होता: बुरशी धरलेल्या भिंतीशी पोरं निजवू नका, जमीनमालकाकडे कौलं मागा. घरातल्या बाईला मात्र एवढंच बजावलं, "कागदांना ओल लागू देऊ नका." श्रावणात परत गेलो, तेव्हा कुडाच्या भिंतीवर हिरवी-काळी बुरशी चढली होती आणि त्याच कुडाला टेकून बाईची चार वर्षांची पोर धापा टाकत होती. बाईने चुलीजवळच्या कोपऱ्यातून गठ्ठा काढून हसत पुढे केला. "बघ दादा, एक कागद भिजला नाय. पोर निजायची ना, तीच जागा दिली तुझ्या कागदांना." मी पोरीला उचलून त्या कोपऱ्यात निजवलं, पण छातीतली घरघर थांबेना. ओढ्याला पूर आलेला, दवाखाना त्याच्या पलीकडे. बाई म्हणाली, "वाच ना, काय लिवलंय त्यात?" मला ते वाचवेना. काल ट्रंकेतला तोच गठ्ठा उन्हात घालायलाही हात धजला नाही.