अकरा शेळ्या, तीन खुंटे

आमच्या वस्तीवरच्या अंगणवाडीच्या सत्यशीलाबाई मूळ गेवराईकडच्या. लग्नानंतर पोर मांडीवर घेऊन दहावीचे पेपर दिले. बावीस वर्षं झाली, लेकरांना खिचडी शिजवून घालतात, त्यांची वजनं घेतात आणि म्हाताऱ्यांना रागे भरतात. माझा नंबर मागच्या भाद्रपदात लागला.

त्याचं असं झालं. माझा लेक लखन आणि सून वनमाला दसऱ्यानंतर ऊसतोडीला जातात. लखन म्हणाला, "आबा, यंदा योगिताला संग नेतो. बारक्याला सांभाळील. हितं ठेवून तरी काय, पाच सरली, एक अक्षर येत न्हाई."

ते मला लई लागलं. माझी नात उसाच्या फडात? मी पाटी काढली आणि मला मास्तरांनी शिकवलं तसं सुरू केलं, क कमळाचा, ख खटाऱ्याचा. आठ दिवसांनी क दाखवला.

"कमळ!"

ख दाखवला.

"कमळाच्या म्होरलं!"

मी आवाज चढवला, तशी पोर बाजेखाली शिरली.

बाई वजन घ्यायला आल्या तेव्हा ती तिथंच होती. "आबा, तुमी तिला गाणं शिकवलंय. पाटी ठेवा वर. आधी कानाला कळू द्या."

"कान शाळेत जातो व्हय?"

"तोच आधी जातो. तुमचा न्हाई गेला, म्हणून माझं ऐकत न्हाई."

माझी बायको भामाबाई चुलीपाशी तोंडाला पदर लावून हसत होती.

बाई शेळ्यांत जाऊन बसल्या. आमच्या अकरा शेळ्या, प्रत्येकीला नाव. "योगिता, ही कोण?"

बाजेखालून आवाज आला, "मैना."

"म्हणताना ओठ मिटतात बघ. म्म्मैना. आणखी कुणाचं नाव असं सुरू होतं?"

पोर बाहेर आली. "मोरी. मुंगी!"

त्या दिवसापासून तीन खुंटे ठरले. म-च्या शेळ्या एकीकडं, च-च्या दुसरीकडं, ब-च्या तिसरीकडं. रोज दिवस मावळताना योगिता नावं पुटपुटत शेळ्या बांधायची. पाटीचं नाव नाही.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी लखन गोठ्यापाशी उभा राहिला. योगितानं बिजलीला मैनेच्या खुंट्याला बांधलं.

"बघा, चुकलंच," लखन म्हणाला. मी दावं सोडायला पुढं झालो. बाई आल्या होत्या, त्यांनी माझा हात धरला.

योगितानं "बिजली" म्हणत आपले ओठ चाचपले, तर ते इथंही मिटत होते. मग नाक दाबलं. म म्हणून पाहिलं, जमेना. ब म्हणून पाहिलं, जमला. "हिला नाक लागत न्हाई," म्हणाली आणि बिजलीचं दावं सोडून तिसऱ्या खुंट्याकडं नेली.

लखननं स्वतःचं नाक दाबून पाहिलं. मग थट्टेनं म्हणाला, "आन् वनमालेला कुठं बांधायचं?"

"आईला खुंटाच न्हाई. नवा ठोकावा लागंल."

वनमाला म्हणाली, "ठोका की, तेवढाच इसावा." सगळे हसलो. बाईंनी काडीनं मैनेच्या खुंट्यापाशी मातीत म काढला. "तुझा म असा दिसतो." योगितानं त्याच्यावरून बोट फिरवलं, दोनदा.

लखननं वाकून तो म बघितला. मग बायकोला म्हणाला, "हिची फडकी काढ गठुड्यातून."

"आन् बारका?" वनमालेनं विचारलं.

भामाबाई पुढं झाली. "त्यालाबी ठेव माझ्यापाशी. दूध सुटलंय त्याचं."

तिसऱ्या दिवशी टोळीचा ट्रक वळणाआड गेला. वनमाला मागं वळून बघत गेली. योगिता माझ्या खांद्यावर होती, बारका भामाबाईच्या कडेवर. मला इतकं हलकं वाटलं, की अंगणवाडीपर्यंत तिला तशीच नेली. दारात बाई म्हणाल्या, "उतरवा तिला आबा, पाय हाईत तिला."