अकोल्याच्या गच्चीला आमची पाटी

भर उन्हाळ्यात वऱ्हाडात कोण जातं, असं घरीदारी सगळ्यांनी विचारून झालं. पण जाणं भाग होतं. मी एका महागड्या हॉटेल कंपनीत खोल्या तपासायचं काम करते. आपण स्वस्त हॉटेलंही काढावीत का, असा प्रश्न कंपनीला सध्या पडलाय. गावोगावचे लॉज घ्यायचे, दुरुस्त करायचे, वर आपली पाटी लावायची. "अमरावती-अकोला पाहून ये आणि काय ते सांग," साहेब म्हणाले.

पुण्याहून थेट अमरावतीची गाडी आहे. तिकीट आधीच काढा, लग्नसराईत मिळत नाही. उतरल्या उतरल्या गिला वडा खाल्ला. दह्यात बुडालेला तो गार वडा पोटात गेला आणि प्रवासाचा निम्मा शीण उतरला. पाहायला सांगितलेलं हॉटेल मात्र कुठल्याही शहरातलं असावं असं होतं. पांढरी चादर, इवलासा साबण, न उघडणारी खिडकी. आमची पाटी तिथे सहज शोभली असती. त्या हॉटेलातलं आता मला याहून जास्त काही आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी एसटीने मूर्तिजापूरवरून अकोला. अडीचेक तास लागतात, सकाळचीच गाडी धरा. नांगरून पडलेली काळी रानं आणि त्यांच्यावर हलणारी हवा बघता बघता डोळा लागायचा, उघडायचा, आणि बाहेर तेच रान असायचं. उतरावंसं वाटेना.

अकोल्यात स्टेशनजवळ सुनंदाताईंचा लॉज आहे. बारा खोल्या, कूलरसकट सातशे रुपये. "आमचा लॉज घ्या" असं आपणहून कंपनीला कळवणाऱ्या त्या एकट्याच. कूलरच्या ओल्या वाळ्याचा वास आला, पाठ टेकली, आणि दुपार कुठे गेली ते कळलंच नाही.

जाग आली ती वरच्या हसण्याने. गच्चीवर जानोसा होता, म्हणजे लग्नाला आलेल्या नवरदेवाकडच्या मंडळींचा उतारा. ओळीने गाद्या घातलेल्या, चाळीसेक माणसं, आणि मावळतीचा पहिला बरा वारा. नवरदेवाच्या मावशीने सरकून जागा केली.

"बसा न. तुमी कोनाकडच्या?"

"कोणाकडचीच नाही."

"मंग आमच्याकडच्या," म्हणत तिने आमरसाची वाटी हातात दिली. इतकं बरं मला कुठल्याही पंचतारांकित लॉबीत वाटलेलं नाही.

जिन्यातून सुनंदाताई पाण्याच्या बादल्या आणत होत्या, दर पायरीला गुडघा धरत. गच्चीवर नळ नव्हता. पाटी हवी होती ती त्यासाठीच. मी त्यांना कंपनीचा नियम सांगितला. एका खोलीत दोनच माणसं, गच्चीला कुलूप.

"कावून?"

"सगळीकडे तोच नियम आहे, ताई."

"मले पाटी पायजे, बाई. कंपनी पंप लावून देईन, पाइप टाकून देईन. पन खाली खोलीत त सामान ठेवते लोकं, न बाया साड्या बदलते. निजाले साऱ्याइले वरच पायजे. त्याइले दोन-दोन करून कसं वाटू मी?"

स्वस्त हॉटेल म्हणजे लहान खोली आणि पातळ टॉवेल, असं आम्ही धरून चाललो होतो. इथली माणसं पैसे मोजत होती ते एकत्र राहण्याचे.

पुण्यात परतल्यावर लिहून दिलं, 'स्वस्त हॉटेलं जरूर काढा. गच्च्या मात्र उघड्या ठेवा.' साहेबांनी दुसरं वाक्य खोडलं. गच्चीवरून कुणी पडलं तर नाव आपलं जाईल, म्हणाले. तेही खोटं नव्हतं. मी अकोल्याला फोन केला.

गच्चीला कुलूप लावावंच लागेल, असं सुनंदाताईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "मंग नको. राहू द्या पाटी."

मला आधी आनंदच झाला. ती गच्ची तशीच राहणार होती. फोन ठेवल्यावर मात्र शरम वाटली. गच्ची आवडली होती मला, आणि बादल्या वर न्यायच्या होत्या त्यांना.