चिंचोक्याला गुण नाहीत

परवा रविवारी, इथे धुळ्यात, मी आमच्या खेळाचा एक नियम बदलला. मंडळींनी टाळ्यासुद्धा वाजवल्या... मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मी शाळेत भूगोल शिकवतो. युद्ध सुरू झाल्यापासून आम्ही चार मित्र दर रविवारी माझ्या ओसरीवर खडूनं समुद्र आखतो आणि फासे टाकून जहाजांची लढाई खेळतो. मोठी जहाजं आमच्यातल्याच रहीमभाई सुतारांनी लाकडाची करून दिली, नियमांची वही माझी.

मालाच्या जहाजांसोबत राहून पाणबुड्या हुडकत फिरणाऱ्या छोट्या बोटींसाठी मात्र आम्ही चिंचोके मांडायचो. नियम साधा होता... पाणबुडी बुडवली तर दहा गुण, नाहीतर शून्य. ती क्वचितच बुडायची, म्हणून चिंचोके कोणी घेत नसे.

माझा धाकटा भाऊ वसंता अशाच एका बोटीवर खलाशी होता. दिवाळीला रजेवर आला तेव्हा हौसेनं चिंचोके घेऊन बसला. संध्याकाळपर्यंत शून्य! आम्ही त्याची भरपूर टिंगल केली, सगळ्यात जास्त मी.

तो अगदी कळवळून म्हणाला, “भाऊ, आम्ही ऱ्हायनूत ते पानबुडी डोकं वर काढस नही. बठ्ठा जहाज पोचतस. त्याना गुण कोठे शेतस?”

मी मास्तरी थाटात सांगितलं, पाणबुडी वर आलीच नाही, सगळी जहाजं पोचली, मग जे घडलंच नाही त्याला गुण कसले द्यायचे? सगळे हसले. तोही हसला... निदान मला तसं वाटलं.

माघात तार आली. मोठं लढाऊ जहाज बुडालं होतं आणि वसंता त्यावर होता. तो तर छोट्या बोटीवर... आम्हाला काही उलगडा होईना. आई म्हणाली, तार दुसऱ्या कुणाची असेल.

आठ दिवसांनी त्याचं पत्र आलं, जहाज बुडण्याआधी टाकलेलं. त्यानं मोठ्या जहाजावर बदली मागितली होती आणि ती मिळाली होती. शेवटी लिहिलं होतं, ‘भाऊ, आता तरी मला गुण देशील ना?’

परवा मी नवा नियम लिहिला. मालाची जितकी जहाजं सुखरूप पोचतील, तितके गुण सोबतच्या चिंचोक्यांना. खेळून पाहिलं, तर चिंचोके सहज जिंकले... इतकं सोपं होतं हो! दिवाळीत या दोन ओळी लिहायला मला काय धाड भरली होती?

रहीमभाई जाताना पाठीवर हात ठेवून म्हणाले, मास्तर, तुम्ही काही जाणूनबुजून केलं नाही. त्यांचे उपकार आहेत... पण मनाला ते पटत नाही.

आई तार आल्यापासून भडगावहून माझ्याकडेच येऊन राहिली आहे. तिला वाचता येत नाही. पत्र मीच वाचून दाखवलं, शेवटची ओळ गाळून.

रोज ताटात भाकरी वाढताना ती बदलीचं कारण तेवढं विचारते, “त्यानी बदली काबर मांगी व्हई रे?”

मी मान खाली घालून जेवतो. तुम्हाला सगळं सांगून टाकलं... तिला सांगायची हिंमत माझ्यात नाही.