मैनाबाईनं न दिलेला दात

मैनाबाईचं माहेर पातूरचं. लग्न होऊन ती बाळापूरजवळच्या एका खेड्यात खुशालरावांच्या घरी आली, तेव्हा घरी काळी जमीन होती आणि जेमतेम पोट भरत होतं. मग तिकडे अमेरिकेत लढाई लागली अन् इकडे वऱ्हाडच्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला. गावातली माणसं बदलली. कुणी बैलगाडीच्या चाकांना चांदी मढवली, कुणी बैलांच्या शिंगांना. खुशालराव अकोल्याहून जरीचा फेटा बांधून परतू लागले आणि त्यांचा हात पहिल्यापेक्षा लवकर उठू लागला.

त्या वर्षी कापूस विकून ते भरदुपारी घरी आले. भाकरी तव्यावर होती. थोडं थांबा, एवढंच मैनाबाई म्हणाली. खुशालरावांनी हातातला पितळी तांब्या फेकून मारला. तो तिच्या तोंडावर बसला अन् वरचा पुढचा दात अर्धा तुटून चुलीपुढे पडला.

उरलेल्या अर्ध्या दातातून लालसर ठिपका दिसत होता. वारा लागला तरी कळ डोळ्यापर्यंत जायची. पाणी पिणंही नकोसं झालं.

"दात काढनाऱ्या जर्राहाले बोलावतो. काढून टाकू," खुशालराव म्हणाले. चूक झाली वगैरे काही नाही.

"काढू देनार नाई."

"काहून वं? अर्ध्या दाताचं काय लोनचं घालतं?"

"अर्धा तुमी तोडला. उरला तो माया हाय."

सासू म्हणाली, शेजारणी म्हणाल्या, काढून मोकळी हो बाई. मैनाबाईने कुणाचं ऐकलं नाही. लवंग दाबून धरायची, गाल बांधायची आणि कापूस वेचायला जायची. तिला दुखण्यापेक्षा राग जास्त होता. मारणाराच आता दात मुळासकट न्यायला निघाला, याचा.

पुढच्या आठवड्यात खुशालरावांनी स्वतःच्या दातांसाठी अकोल्याहून रऊफ नावाच्या कारागिराला आणलं. सोनं लावण्याच्या कामात त्याचा हात नावाजलेला होता. पैसेवाल्यांच्या चांगल्या दातांना कमानीने फिरणाऱ्या सामत्याने, म्हणजे गिरमिटाने, बारीक भोक पाडायचं आणि त्यात सोन्याची मेख बसवायची, हे त्याचं काम. हसलं की सोनं चमकलं पाहिजे, एवढीच खुशालरावांची हौस. ओट्यावर सतरंजी अंथरली. बघायला गाव जमलं. शेजारचे उत्तमराव, ज्यांच्या गाडीला चांदी होती, तेही येऊन बसले.

रऊफने हत्यारं मांडली तशी मैनाबाई घरातून आली अन् डोक्यावरचा पदर सावरून सतरंजीवर त्याच्यापुढे बसली.

"रऊफभाई, आधी माया दात पाहा."

रऊफने खुशालरावांकडे पाहिलं. ते काही बोलायच्या आत त्याने तिचं तोंड उजेडाकडे वळवलं होतं.

"कशानं तुटला, बाई?"

"यायनं तांब्या फेकून मारला."

उत्तमराव जमिनीकडे पाहू लागले. खुशालरावांच्या कानशिलावरची शीर फुगली.

रऊफ हळू आवाजात म्हणाला, "मूळ मजबूत हाय. आतली नस उघडी पडली, ती दुखून राहिली. आमचे उस्ताद राईएवढा सोमल ठेवून नस मारत. मी दोनदा केलं. एकदा जमलं, एकदा बिघडलं. जहर हाय, बाई. सांगून ठेवतो."

"ठेवा."

"मंग आतला रस्ता साफ करून सोन्यानं भरावा लागंन."

"सोनं हाय की. यायनं आनलं."

गावासमोर बायकोला चिमूटभर सोनं नाकारणं खुशालरावांना जमेना. "कर बाबा," ते म्हणाले. आवाज मात्र करवतीसारखा होता.

रऊफने सोमल ठेवून वरून मेण बसवलं. पहिली रात्र मैनाबाईने उखळाला डोकं टेकवून काढली. दुसऱ्या दिवशी कळ मावळली. मग रऊफने काट्यासारख्या तारेने ती मेलेली नस ओढून काढली, पोकळी पुन्हा पुन्हा पुसून कोरडी केली, लवंगेचं तेल फिरवलं आणि सोन्याचा वर्ख बारीक सळईने ठोकत ठोकत आत भरला. सगळं होईपर्यंत तिने एकदाही हात वर केला नाही. खुशालरावांच्या मेखांपुरतं सोनं उरलं नाही.

महिनाभरात दात राखेसारखा काळसर झाला, पण हलला नाही. ती त्याच दाताने ज्वारीच्या भाकरीचा पापुद्रा तोडू लागली.

"काया दात दिसते. तोंड झाकत जाय," खुशालराव म्हणायचे. तिने कधी झाकलं नाही.

कार्तिकात ती खुशालरावांबरोबर कौंडण्यपूरच्या जत्रेला गेली. नदीच्या घाटावर पातूरच्या बायका भेटल्या. एकीने विचारलं, "दाताले काय झालं वं?" खुशालराव चार हातांवर नारळ घेत होते. मैनाबाईने आवाज खाली आणला नाही. तांब्या, भाकरी, सगळं सांगितलं. त्या बायकांबरोबर आलेला तिचा मोठा भाऊ मागे उभा होता, त्यानेही ऐकलं. तो खुशालरावांकडे गेला, त्यांच्या खांद्यावर हात ठेवून बराच वेळ बोलला. काय बोलला ते दोघांनीही कधी सांगितलं नाही.

त्यानंतर खुशालरावांनी हात उगारला तो एकदाच. तेव्हा मैनाबाई भाकरी थापत होती. ती उठली नाही, फक्त मान वर केली.

"मारा. या खेपेले कोनता दात पायजे?"

हात खाली आला. ते ओसरीवर जाऊन बसले. मैनाबाईने भाकरी उलटली, पण त्या दिवशी त्यांना वाढायला ती उठली नाही. त्यांनी आपल्या हाताने ताट घेतलं.